आईला सुशी चालेल का? (रविवारचा बेत, सात माणसं, एक जपानी हॉटेल)

सुशेगाद
नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

पुढच्या रविवारी बायकोचा वाढदिवस. दरवर्षी आम्ही पणजीत ठरलेल्या जागी जाऊन ठरलेली फिश थाळी खाऊन येतो, यंदा मुलीने (बारावी, म्हणजे घरात सध्या तिचाच शब्द शेवटचा) फर्मान काढलंय की जपानी खायचं. माझा जपानशी आजवरचा संबंध म्हणजे दारातली सुझुकी, बस.

माणसं सात. आम्ही तिघं, आमची आई, आणि पुण्याहून येणारा मित्र, त्याची बायको, सहा वर्षांचा मुलगा. मित्राची बायको पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आमच्या आईचं बरोबर उलट, सोमवार आणि एकादशी सोडून ताटात नुस्तें (मासे) दिसलं नाही तर "घरात कोण आजारी आहे का" विचारते. पण काल तिला सांगितलं की तिथे मासे कच्चे खातात, तर म्हणाली, "चूल पेटवायचे पण कष्ट नाहीत, आणि वर पैसे आपल्याकडूनच घेणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर विचारायचं असं की सगळ्यांना चालेल असं काही त्या मेनूवर असतं का, खिशाला साधारण किती भगदाड पडतं, फोंड्याहून आसगाव-हणजूण बाजूला दुपारच्या जेवणाला पोचायचं तर किती वाजता निघावं, आणि काड्यांनी खायची सक्ती असते का. शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा आहे.

काजूबोंडू
आईंना साष्टांग दंडवत. आणि आत्ताच सांगून ठेवतो, "वसाबी (झणझणीत हिरवी जपानी चटणी) पुदिन्याची चटणी समजून चमचाभर खाल्ली" हा किस्सा कोणीही लिहायचा नाही. प्रत्येक जपानी धाग्यावर कोणाचा तरी साडू ते करतोच.

पुण्याचा_पाहुणा
माझ्या साडूने खरंच केलं होतं हो :(

उकडेतांदूळ
सुशेगाद, घाबरू नका. नवऱ्याच्या नोकरीपायी तीन वर्षं योकोहामात संसार केलाय, त्या अनुभवावर लिहिते.

तिथे घरोघरी रोज सुशी खात नाहीत, आपण तरी रोज शागोती (नारळ-मसाल्याचं मटण) कुठे खातो. रोजचं जेवण म्हणजे भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, भाजलेला मासा, थोडं लोणचं. म्हणजे आपलं शीत, कडी, तळलेलं नुस्तें आणि तोर (खारातली कैरी), फक्त नारळ आणि मिरची वजा. आजारी माणसाला ते ओकायु देतात, ती सरळ सरळ पेज, आणि त्यात उमेबोशी म्हणून मिठात मुरवलेलं आंबट फळ टाकतात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा डोळ्यात पाणी आलं, आजी पेजेत खारातली कैरी द्यायची तेच.

आईंसाठी मेनूवर साबा शिओयाकी शोधा. साबा म्हणजे बांगड्याच्याच कुळातला मासा, मीठ लावून भाजलेला, बाजूला मुळ्याचा कीस. मग एबी टेम्पुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेली सुंगटं (कोळंबी). उनागी मिळालं तर तेही, गोडसर सोया सॉस लावून भाजलेली ईल, वाम खाणाऱ्याला आवडते. लहान मुलाला कात्सु करी द्या, पावाचा चुरा लावून तळलेलं चिकन, त्यावर दाट गोडसर करी आणि भात. तिखट नसते, पोरं ताट चाटून पुसून ठेवतात.

रामेन (रश्शातल्या नूडल्स) घेतलं तर रस्सा कशाचा ते विचारा, तोनकोत्सु असेल तर डुकराच्या हाडांचा असतो, मेनूवर नुसतं नाव लिहिलेलं असतं आणि मागाहून घोळ होतो.

काड्यांची सक्ती कोणीच करत नाही, काटा चमचा मागा. आणि निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या मुदीवर माशाचा काप, ती तर जपानी माणसंही बिनधास्त हाताने खातात. फक्त काड्या वापरल्यात तर भातात उभ्या खोचून ठेवू नका, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. भातात काड्या मृताच्या नावाने खोचतात, आणि दहनानंतर अस्थी काड्यांनी एकमेकांकडे देतात, म्हणून जेवताना ते बघवत नाही. आपल्याकडे पिंडाच्या भाताची आठवण करून देणारं काही पानात नको असतं, तसंच.

सुशेगाद
ताई, खूप खूप धन्यवाद. भाताची मूद म्हटल्यावर निम्मी भीती गेली. आईला "मुदीवर इसवणाचा (सुरमईचा) काप" असं सांगून बघतो.

माटोळी
मी शाकाहारी (डिचोलीकडची, सासर माहेर दोन्हीकडे नुस्तें, मीच एकटी आडवी निघाले), त्यामुळे तुमच्या मित्राच्या बायकोसाठी लिहितेय, नीट वाचा कारण मी फसलेय.

दाशी हा शब्द लक्षात ठेवायचा. जपानी स्वयंपाकाचा तो मूळ रस, मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, टेम्पुराबरोबरचं बुडवायचं पाणी, तोफूवर (सोयाबीनच्या पनीरवर) ओततात तो सॉस, सगळ्यात तोच. आणि नेहमीची दाशी कोम्बू नावाचं समुद्रातलं शेवाळ आणि कात्सुओबुशी यांची करतात. कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेला मासा! मी दोन वेळा "व्हेज मिसो सूप" पिऊन मस्त लागतंय मस्त लागतंय करत होते, तिसऱ्या वेळी कोणीतरी सांगितलं. वेटर खोटं बोलत नव्हता, त्याच्या लेखी सुपात माशाचा तुकडा दिसत नाही म्हणजे व्हेज.

म्हणून "व्हेज आहे का" विचारायचं नाही, "दाशी कशाची, कोम्बूची का माशाची, आणि किचनमध्ये विचारून सांगा" असं विचारायचं. आगेदाशी तोफू नावावरून गरीब वाटतो पण नावातच दाशी आहे, आणि वर पुष्कळदा माशाचे पापुद्रे भुरभुरतात. इनारी म्हणून तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात असतो, ती पिशवीही बहुधा दाशीत शिजवलेली. मेयोनीजमध्ये अंडं. टेम्पुराच्या पिठातही अंडं असू शकतं, आणि तळायचं तेल सुंगटांबरोबर एकच आहे का तेही विचारा.

बिनधोक काय, तर काकडीची कप्पा माकी (भाताचा रोल), आवोकाडो रोल, एदामामे (सोयाबीनच्या शेंगा), नुसता भात, समुद्री शेवाळाचं सॅलड (सॉस विचारून).

खारवी२
माटोळीताईंना पुष्टी. कात्सुओबुशी म्हणजे आपल्या पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवलेल्या) सुक्या नुस्त्याचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. कुपा (ट्यूना) जातीचा मासा उकडतात, धूर देतात, सुकवतात, वर बुरशी चढवून परत परत वाळवतात, शेवटी लाकडाच्या ओंडक्यासारखा होतो आणि रंध्यासारख्या पात्याने तासतात. लक्षद्वीपला मिनिकॉयकडे असाच उकडून धुरावलेला कुपा करतात, मास म्हणतात त्याला. आपण पावसात सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) करतो ती का चविष्ट लागते? तेच गणित, वाळवलेल्या माशाचा अर्क.

काजूबोंडू
म्हणजे आमची आजी किसमूर करताना अख्ख्या वाड्याला वास यायचा तो दाशीचा होता. आणि आम्ही खिडक्या लावायचो.

बेतीकर
सगळं ठीक आहे पण मला हे कळत नाही, मालीम जेटीवर पहाटे ट्रॉलर लागतात, ताजं फडफडीत नुस्तें मिळतं, ते सोडून नॉर्वेचा बर्फातला मासा खायला हजारो रुपये आणि वर एवढं पेट्रोल? आसगावची जुनी घरं बघा, निम्म्या घरांची हॉटेलं झालीत, रस्ता आहे बैलगाडीचा आणि दोन्ही बाजूला पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या. रविवारी गावातल्या माणसाला स्वतःच्या घरात शिरता येत नाही. आपणच जाऊन त्यात भर घालायची का?

सुशेगाद
बेतीकर, पार्किंगचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण बारावीची मुलगी घरात असताना तत्त्वं सांगता येत नाहीत.

काजूबोंडू
बेतीकर, मग मालीमचं ताजं इसवण आणून घरीच कापून कच्चं खाल्लं तर? स्वस्तात सुशी. मी खरंच करणार होतो.

खारवी२
अरे बाबा, नको!!! यासाठीच लॉगिन केलं. पंधरा वर्षं मासळी निर्यातीच्या कामात आहे, जरा ऐक.

ताजा म्हणजे कच्चा खाण्यासारखा असं नसतं. समुद्री माशात अॅनिसाकिस नावाचे बारीक जंत असू शकतात, माशाला कळत नाहीत, आपल्या पोटात गेले तर रात्रभर मुरड मारतात. शिजवलं की मरतात. कच्चं खायचं तर मासा उणे २० अंशांवर ७ दिवस ठेवायचा, नाहीतर उणे ३५ अंशांवर गोठवून त्याच थंडीत १५ तास, हे अमेरिकन अन्न खात्याचे आकडे, जगभर बरेच जण धरून चालतात. आपला घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास, तोही लाईट न गेली तर. म्हणजे बेतीकर ज्याला "बर्फातला मासा" म्हणतात, त्याला हिणवू नका, नीट गोठवल्यानेच जंत मरतात.

गंमत म्हणजे जपान्यांचंही तसंच होतं. सॅमन ते खायचे पण शिजवून किंवा खारवून, कच्चा नाही, जंतांच्या भीतीनेच. १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला पाळलेला, म्हणजे समुद्रात जाळी लावून वाढवलेला सॅमन तिथे नेऊन खपवायचा सपाटा लावला, त्याला ठरवून खाद्य घातलेलं असल्याने जंतांची भीती फार कमी. मग कुठे सॅमनची सुशी रुळली. आज जिला आपण अस्सल जपानी समजतो ती सॅमनची निगिरी माझ्या वयाची आहे.

दुसरं, १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे ट्रॉलरची मासेमारी बंद असते, पण आयात सॅमनला त्याचा काही संबंध नाही. म्हणून पावसात ताटलीत "आज पकडलेलं लोकल इसवण" म्हणून कच्चं कोणी समोर ठेवलं तर आधी दोन प्रश्न विचारा.

बेतीकर
खारवी, मुद्दा पटला. पार्किंगचा माझा मुद्दा मात्र कायम.

जुनंगोवें
सगळे मासा मासा करताय पण या धाग्यावर टेम्पुराचं नाव निघालं आणि गोव्याचं नाही निघालं, कमाल आहे.

टेम्पुरा मूळचा जपानी नव्हे मंडळी, पोर्तुगीजांनी नेलेला. १५४३ साली पोर्तुगीज पहिल्यांदा जपानला लागले, तानेगाशिमा बेटावर. त्यांचे ठरावीक दिवस मांसवर्ज्य उपासाचे, त्या दिवसांत मासे, भाज्या पिठात घोळून तळायचे. त्या दिवसांना तेंपोरा म्हणत, त्यावरून टेम्पुरा नाव आलं असं बहुतेक जण मानतात. आपल्या शेजारचं कातोलिक कुटुंब लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या) शुक्रवारी मटण बंद ठेवतं ना, तोच धागा धरा.

आणि या सगळ्या कारभाराचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं कुठे? आपलं जुनं गोवें. कागोशिमाचा अंजिरो नावाचा माणूस, हातून खून झाला म्हणून देश सोडून पळालेला, मलाक्काला ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियरला भेटला, तिथून गोव्याला आला आणि १५४८ मध्ये इथे त्याचा बाप्तिस्मा झाला. सेंट पॉल कॉलेजात शिकला. पुढच्या वर्षी एप्रिलात झेवियर त्यालाच दुभाष्या म्हणून घेऊन गोव्यातून निघाला आणि १५ ऑगस्ट १५४९ ला कागोशिमाला उतरला. म्हणजे चारशे पंचाहत्तर वर्षांपूर्वी एक जपानी माणूस जुन्या गोव्यात राहून काय जेवत असेल याचा विचार करा. उकडा भात आणि हुमणच (नारळाच्या रसातली माशाची आमटी) की.

नंतर १५८२ मध्ये चार जपानी मुलगे पोपला भेटायला युरोपला निघाले, तेही जाता येता गोव्यात थांबले, परत घरी पोचले १५९० मध्ये. आठ वर्षांची ट्रिप.

आणि शब्द बघा. पोर्तुगीज पाँव, आपला पाव, जपानीत पान. तिथे बेकरीत जाऊन पान मागितलं की पाव मिळतो.

पुण्याचा_पाहुणा
आणि पुण्यात पान मागितलं तर कलकत्ता का बनारस विचारतात. माहिती भारी, वाखु (वाचनखूण) साठवली.

काजूबोंडू
१५ ऑगस्ट काय, झेंडावंदन करूनच उतरला. खिक्क.

उकडेतांदूळ
जुनंगोवें, मस्त! कात्सु करीचं पण असंच आहे, कात्सु हे कटलेटवरून, आणि करी तिथे इंग्रजांच्या मार्फत पोचली, म्हणून ती आपल्या हुमणासारखी न लागता मैदा घातलेल्या स्ट्यूसारखी लागते. वेगळी अशी "भारतीय करी" तोक्योत नाकामुराया नावाच्या दुकानाने १९२७ मध्ये सुरू केली, तिच्यामागे रासबिहारी बोस. इंग्रजांच्या तावडीतून निसटून तिथे गेलेले क्रांतिकारक, त्याच दुकानाच्या मालकांचे जावई झाले. सासुरवाडीच्या मेनूवर स्वतःच्या घरची करी चढवणारा जावई, मला फार आवडतो हा माणूस.

माटोळी
सासुरवाडीने ऐकलं हे जास्त कौतुकाचं ;)

पुण्याचा_पाहुणा
खर्चाचं कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो, वर्षातून तीनदा येतो तिकडे. माणशी दीड ते अडीच हजार धरा, साके घेतली तर वेगळी. साके म्हणजे तांदळाची, १५-१६ टक्क्यांची, फेणीच्या हिशेबाने लिंबूसरबत, पण भावाच्या हिशेबाने नाही. चुका आम्ही काय केल्या, तर प्रत्येकाने स्वतःसाठी एकेक डिश मागवली. तसं नाही करायचं, सहा तुकडे आठ तुकडे येतात ते मध्ये ठेवून सगळ्यांनी खायचे, आणि एक भाताची किंवा नूडलची मोठी डिश लवकर सांगून ठेवायची, नाहीतर तुकडे तुकडे खाऊन पोट भरत नाही आणि बिल मात्र भरतं.

बिलाचं अजून एक. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) आम्हाला न विचारता दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता आणि काढा म्हटल्यावर मॅनेजर असा बघायला लागला की जणू आम्ही काटे चमचे चोरतोय.

बेतीकर
न विचारता लावता येत नाही. २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, हॉटेलवाले कोर्टात गेले, पण २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने ती उचलून धरली. शांतपणे काढायला सांगायचं, ऐकलं नाही तर १९१५ वर फोन. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, तो मात्र भरावाच लागतो, त्यावर वाद घालू नका. दारूवर जीएसटी नसतो, तिचं वेगळं. गंमत म्हणजे खुद्द जपानमध्ये टिप ठेवायची पद्धत नाही, पैसे राहिले म्हणून मागे पळत येऊन परत देतात म्हणे.

उकडेतांदूळ
म्हणे नाही, माझ्या नवऱ्याच्या मागे दोन सिग्नल पळत आलेला एक पोरगा.

खारवी२
रस्त्याचं मी सांगतो. पर्वरीतून जाऊच नका रविवारी. फोंड्याहून बाणस्तारी, माशेल, आमोण्याच्या पुलावरून डिचोली, तिथून अस्नोडा, म्हापसा. नकाशात लांब दिसतं पण डोकं शांत राहतं. साडेदहाला निघा. टेबल बुक करा, आणि बुक करतानाच शाकाहारीचं आणि दाशीचं सांगून ठेवा, आयत्या वेळी किचनला गाठणं कठीण जातं. जागा म्हणाल तर हणजूणला साकाना आहे, आसगावला मुंबईच्या इझुमीची शाखा आहे, तुमच्या मुलीला अजून दहा माहीत असतील.

सुशेगाद
सगळ्यांचे आभार. मुलीने टेबल बुक केलं, आईला अजून फक्त "बाहेर जेवायला जातोय" एवढंच सांगितलंय. वृत्तांत टाकतोच.

माटोळी
रविवार होऊन गेला. काय झालं???

काजूबोंडू
धागा वर आणतोय. सुशेगादांना बहुतेक अॅनिसाकिस झाला.

सुशेगाद
नाही रे बाबा, ठणठणीत आहे, मुलीच्या क्लासची धावपळ होती. घ्या वृत्तांत. कुठे गेलो ते लिहीत नाही, जाहिरात वाटेल.

खारवींच्या रस्त्याने गेलो, बाराच्या आत म्हापसा. पुढे आसगावच्या गल्लीत मात्र बेतीकरांची आठवण काढत पंधरा मिनिटं गाडी उभी होती. पार्किंग अर्धा किलोमीटर लांब, आई चालत चालत एकेका घराकडे बघून "हे कोणाचं असेल" करत होती.

आत गेल्यावर सगळे कर्मचारी एकदम ओरडले "इराश्शाइमासे", आई दचकून मागे सरली. मुलीने सांगितलं की या या म्हणतायत, तर आई म्हणाली मग तोंडाने या म्हणा की, भांडायला काय आलेत.

एदामामे आलं. मीठ लावून उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा. मी साल सकट चावत बसलो, दोन शेंगा झाल्यावर बायकोने बघितलं. आई आणि तो सहा वर्षांचा पोरगा मात्र न सांगता दाणे सोलून खात होते, आई म्हणाली तुरीच्या शेंगा अशाच खायच्या असतात, तुला लहानपणी शिकवलं होतं. वाडगाभर शेंगा त्या दोघांनीच संपवल्या.

साबा शिओयाकी आलं. आईने काटा बघून कौतुक केलं, भाजलाय बरा म्हणाली, पण "तिरफळ नाही, आंबटाण नाही, मुळा घातला तो पण कच्चाच, सुंगटांच्या हुमणात घालतात तसा शिजवून घालायचा की". खाल्लं मात्र सगळं. टेम्पुराची सुंगटं पाच होती, त्यातली तीन कुठे गेली हे मी विचारलं नाही. मुलीच्या रोलवर केशरी दाणे होते, आई म्हणाली ही गाबोळी, एवढीशी? कुठल्या माशाची, भाजत का नाहीत? मुलगी म्हणाली आजी, सॅमनची, कच्चीच खातात, यावर आईने पदर तोंडाला लावला.

आणि आता खरी गंमत. मुलीने सॅमन निगिरी मागवल्या होत्या, आईसमोर एक सरकवली. आईने ती वेटरसमोर धरली आणि माझ्या देखत, मराठीत, "बाबा, हे जरा तव्यावर टाकून आण." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो पोरगा हसला, ईशान्येकडचा होता, मराठी कळलं नसावं पण भावना कळल्या, आत गेला आणि शेफलाच घेऊन आला. शेफच्या हातात गॅसची बंदूक. आमच्या टेबलावरच फर्रर्र करून त्या सॅमनवर ज्योत मारली, वरून चरबी वितळून चकाकायला लागली, वास सुटला. मुलगी म्हणाली याला आबुरी म्हणतात, मेनूवर आहेच, पंचाऐंशी रुपये जास्त.

आईने खाल्ली. मग दुसरी तशीच करून मागितली. मग म्हणाली, "आता चूल पेटली."

बिल सातजणांचं तेरा हजार आणि वर थोडं. सर्व्हिस चार्ज नव्हता.

उकडेतांदूळ
अहो काय लिहिलंय! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी न शिकता जी फर्माईश केली ती तिथे लोक कौतुकाने मागवतात.

माटोळी
मित्राच्या बायकोचं काय झालं ते राहिलंच.

सुशेगाद
हो, ते जरा कमी पडलं. बुकिंगला सांगितलं होतं म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं, मिसो सुपात माशाची दाशी, तेल एकच, उदोनचा रस्सा पण तोच. मग काकडीचे रोल, आवोकाडोचे रोल, सॅलड आणि शेवटी मोची, म्हणजे तांदळाच्या चिकट उकडीत आइस्क्रीम. ती मोदक आठवून खूश झाली, पण पोट काही भरलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तशी काही बोलली नाही. येताना म्हापशाला थांबून पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी खाल्ली, तिने दोन प्लेटी. मित्राचा मुलगा पाववाल्याला "पान द्या" म्हणाला, जुनंगोवेंची पोस्ट मी गाडीत वाचून दाखवली होती त्याचा परिणाम.

जुनंगोवें
जन्म सार्थकी लागला.

माटोळी
वहिनींना सांगा, जपानच्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी म्हणून पूर्ण शाकाहारी जेवण असतं, मासा तर नाहीच, कांदा लसूण पण नाही, अगदी चातुर्मास. दाशी कोम्बूची आणि सुक्या मशरूमची. इथे अजून कुठे मिळालं नाही मला, म्हणून मी कोम्बू मागवून घरीच करते. पुढच्या वेळी सगळे माझ्याकडे या, ताकोयाकीच्या साच्याऐवजी आप्पेपात्र वापरून कणग्यांचे (एक कंद) गोळे करते, ऑक्टोपस नाही पण आकार तोच.

काजूबोंडू
मी आलो समजा. काकू, तारीख सांगा.

सुशेगाद
येतो, आईला पण आणतो. एक शेवटचं विचारायचं होतं, तिनेच विचारायला लावलंय. ती गॅसची बंदूक म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल का? तिला बांगड्यावर मारून बघायचीय.

खारवी२
बाजारात फिरू नका, आणि हार्डवेअरच्या दुकानातला वेल्डिंगवाला टॉर्च तर अजिबात आणू नका. बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे किचन टॉर्च म्हणून मागा, ब्यूटेनचा डबा वेगळा घ्यावा लागतो. बांगडा आधी मीठ लावून अर्धा तास ठेवायचा आणि पूर्ण पुसून कोरडा करायचा, नाहीतर पाणी उडतं. सॅमनसारखी नुसती ज्योत मारून खायचा नाही, आपला बांगडा गोठवलेला नसतो, तव्यावर आत शिजेपर्यंत भाजा आणि मग शेवटी वरून बंदूक. आणि आईंना म्हणावं पदर खोचून घ्या.